न मागवलेला सिलिंडर

कोणत्या घरात किती शिजतं, हे गॅसवाल्याला तोंडपाठ होतं. बायको म्हणायची, "स्वतःच्या लग्नाची तारीख आठवत नाही, लोकांचे सिलिंडर बरे आठवतात!" तो मिशीतल्या मिशीत हसायचा. खरंच होतं ते.

लॉकडाऊन लागला आणि घरोघरी सिलिंडर भराभर संपू लागले. चौथ्या मजल्यावरचे, पोहायला शिकवणारे मास्तर मात्र तिसरा महिना उलटला तरी गप्पच. एरवी दीड महिन्याने त्यांचा फोन ठरलेला. तलाव बंद, खाणावळी बंद, माणूस एकटा. मग हा खातो तरी काय? 

सामान पोचवणाऱ्यांशिवाय इमारतीत कुणाला सोडत नव्हते. म्हणून बुकिंग नसतानाही त्याने भरलेला सिलिंडर खांद्यावर टाकला आणि जिने चढला.

मास्तरांनी दार किलकिलं केलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. "मी मागवला नाही."

"ठाऊक आहे. जुना किती उरलाय तेवढं बघतो."

त्याने ओट्याखालचा सिलिंडर उचलला. अर्ध्याहून जास्त शिल्लक. वजनाच्या बाबतीत त्याचा हात कधी फसत नसे.

"मास्तर, साधा चहासुद्धा करत नाही का हो?"

गॅसवाला बाहेर येऊन, अंतर राखून, दारासमोरच्या पायरीवर बसला. असलं विचारावं की नाही, त्याला कळेना. शेवटी त्याने विचारूनच टाकलं, "जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात आहे का?"

"आजच," मास्तर म्हणाले आणि हुंदके देऊ लागले.

"रडा. मी कुठे जात नाही."

त्याने त्यांच्याकडून बहिणीचा नंबर घेऊन फोन लावला, डॉक्टरांनाही लावून दिला. ताईंना पोचायला तीन तास लागणार होते. तेवढ्यात गॅस एजन्सीच्या मालकाचा फोन. "बुकिंग नाही तिथे काय करतोयस? गाडी खोळंबलीय!"

"माणूस एकटा आहे, मालक. त्यांच्या ताई आल्याशिवाय हलणार नाही. हवं तर उद्यापासून काढून टाका."

मालकाला उलट उत्तर तो आयुष्यात पहिल्यांदा देत होता. आवाज मात्र जराही कापला नाही.

खाली वॉचमनला विनवून ताई धापा टाकत वर आल्या. भावाला कवटाळून रडून झाल्यावर त्यांचं लक्ष पायरीकडे गेलं. "तुम्ही कोण? शेजारी का?"

तो उठला, शर्ट नीट केला. "नाही ताई. मी यांचा गॅसवाला."

इतक्या अभिमानाने हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.