पलीकडून 'आल्या' येईस्तोवर

"पाच तारा झाल्या का हात उचलायचा, शकुन. पलीकडून 'आल्या' असा इशारा येईस्तोवर खटक्याले बोट लावायचं नाही. समजलं?"

असं बजावत अकोल्याच्या तारघरात सहदेवकाकांनी शकुनला तार धाडायच्या खटक्यावरची कट्ट-कडकट्टची भाषा शिकवली, त्याला सात वर्षं झाली. आता ती अमरावतीच्या तारघरात बसे, आणि अकोल्याला तिच्या तारा कानांनी ऐकून कागदावर उतरवायला अजूनही काकाच होते. शकुनचा हात भारी चपळ. कपाशीच्या हंगामात ती चाळीस-चाळीस तारा एका दमात लोटायची. पोचल्या की नाही, ते संध्याकाळी एकदमच विचारायचं. मध्येच थांबणं तिला वेळ दवडणं वाटे.

तरी महिनाभर तारा अकोल्याला तुंबत होत्या. सकाळची तार दुपार टळल्यावर घरी पोचायची.

"अकोलेवाले झोपून राह्यले काय?" अमरावतीच्या तारघराचे मोठे बाबू करवादायचे.

चतुर्थीला माणिकबाई खिडकीशी आली. भाजीचा मळा करणारी बाई. नवरा बुधाजी अखेरचे श्वास मोजत होता, मुलगा देवराव अकोल्याच्या तेलगिरणीत. "सांजच्या गाडीनं येईन न तो, बाई?"

"येईल हो." उपासाच्या कोरड्या तोंडानं शकुननं तिला धीर दिला आणि तार ताबडतोब लोटली.

देवराव आला तो दुसऱ्या दिवशी, चिता विझल्यावर.

मग माणिकबाई पुन्हा खिडकीशी आली. रडली नाही. "त्याईचे डोये दरवाज्याकडंच होते. तार कोनाच्या हातानं राह्यली, येवढं मले सांगसाल?"

"शोधते, आणि तुमच्या घरी येऊन सांगते," शकुन म्हणाली.

तारेवर देखरेख करणारा पुंजाराम बडनेऱ्यापर्यंत खांबान् खांब पाहून आला. "ताई, तार साफ हाय. तिच्यावर खापर फोडू नका, थे बिचारी उलटून बोलत नाही."

तार साफ, खटका साफ. राहिला हात.

दुसऱ्या दिवशी शकुननं पाच तारा धाडल्या आणि हात मांडीवर ठेवला. गणपतीचं नाव अकरा वेळा घेऊन झालं, तेव्हा कुठे 'आल्या' आलं. मग पुढच्या पाच. दुपारी तीनला शेवटचं 'आल्या', अकोल्याला एकही तार तुंबलेली नाही! महिन्यात पहिल्यांदाच.

"काय जादू केली वो शकुनबाई?" बाबू हसले. तिला हसू आलं नाही. तिनं खटक्यावर विचारलं, काका, मागे पडत होतात तर 'थांब' का नाही म्हणालात?

 पलीकडून एकेक अक्षर येऊ लागलं, अडखळत.

'हाताले कंप आहे. ऐकू सारे येते, लिहिणे मागे राहते. अर्धवट उतरलेल्या तारा सांजेला विचारून पुऱ्या करू म्हणून बाजूले ठेवीत होतो. बुधाजीची त्यातच राहिली. चूक माझी, असे वरिष्ठांना लिहून दिले आहे. तुझा हात इतका सुंदर चालत होता पोरी, मोडवला नाही.'

शकुननं ते उतरवून घेतलं. शेवटच्या ओळीवर शाई पसरली.

आता काकांचं नाव सांगितलं असतं तरी खोटं कुणी म्हटलं नसतं. कागदावर तर तेच होतं; पण पाच तारांवर न उचललेला हात तिचा होता.

तिनं बाबूंकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली.

"तब्येत बरी नाही काय?"

"तब्येत बरी आहे."

तिनं डोक्यावर पदर घेतला, पुंजारामला माणिकबाईच्या मळ्याची वाट विचारली, आणि पायऱ्या उतरली.