नणदेच्या लग्नाची साडी

"ते मोरपंखी दाखवा बरं, भाऊ," जागृती म्हणाली.

हेमराजने वरच्या फळीवरून साडी काढली आणि सरावलेल्या हाताने झटकून गादीवर पसरली. पदराचा वारा लहानग्या पौर्णिमेच्या कपाळावरून गेला, पण ती हलली नाही. एसीच्या झोताखाली, आईच्या मांडीवर, ती तोंड उघडे टाकून झोपली होती.

काचेपलीकडे मे महिन्याची दुपार हिंगणघाटच्या रस्त्यावर पालथी पडली होती. जागृतीच्या खोलीवर टिन होते. ते तापले, की श्वाससुद्धा भाजून आत येई. पौर्णिमेच्या पाठीवर घामोळ्यांची गळवे झाली होती. ती रडायची, आणि रडून दमली, की उघड्या डोळ्यांनी नुसती वर पाहत राहायची. त्या पाहण्याची जागृतीला रडण्याहून अधिक भीती वाटे. म्हणून दुपारच्या वेळी ती लेकीला घेऊन कापडदुकानात येऊन बसू लागली होती. साड्या पाहण्याचे पैसे पडत नाहीत, हा शोध तिचा तिनेच लावला होता. त्याची लाजही तिची तिच्यापाशीच होती. नवऱ्याला, अश्विनला, यातले काहीच ठाऊक नव्हते.

आज मात्र तिचे मन हलके होते. स्टेशनच्या वाटेवरच्या श्रावण मिस्त्रीकडे एक जुना कूलर दुरुस्त होऊन तयार होता. त्याच्यासाठी घरातला संध्याकाळचा चहा बंद झाला होता. अश्विनने तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला होता. ते पैसे आज तिच्या बटव्यात होते. मिस्त्रीचे शटर दुपारी बंद दिसले, तेव्हा ते उघडेपर्यंत सावलीला बसावे, एवढ्याचसाठी ती इथे आली होती. शेवटचीच वेळ, असे तिने स्वतःला बजावलेही होते.

"लग्न कोनाचं हाय, बाई?" गल्ल्यावरून मालक मधुकररावांनी विचारले.

"नणदेचं जी."

"मागच्या हप्त्यात भावाचं होतं म्हने! काऊन रे हेमराज, तूच सांगत होता ना?"

हेमराज खाली मान घालून घड्या घालत राहिला.

"लय लग्नं निघाली बाई तुमच्या घरी. आमाले पत्रिका नाई एकबी!"

पलीकडे शालू पाहणाऱ्या दोघी हसल्या. त्यांतली एक पदर तोंडाला लावून हसली, ते जागृतीला जास्त लागले.

"त्यायले इचारून उद्या येतो," असे म्हणत ती उठू लागली. तेवढ्यात पौर्णिमा जागी होऊन कुरकुरली. तिचे तोंड पुसायला जागृतीने बटव्यातून रुमाल ओढला आणि त्याबरोबर नोटांची घडी अर्धी बाहेर आली. तिने ती चटकन आत सारली. पण मधुकररावांनी पाहायचे ते पाहिले होते.

"पैसे तं हायेत की! मंग कोनाले इचारता? हेमराज, ताईले मोरपंखी पसंद हाय. ब्लाउजपीस काप."

"सेठजी, ताई अजून घेतो म्हनल्या नाई..."

"काप म्हनलं ना!"

कात्री कापडातून सळसळत गेली. साडीचा ब्लाउजपीस वेगळा झाला, की ती विकली गेली. मग ती दुसऱ्या गिऱ्हाइकापुढे पसरता येत नाही. हे त्या गादीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होते. शालूवाल्या दोघीही हसायच्या थांबल्या.

"म्या घेतो म्हनलंच नाई जी," जागृती म्हणाली. "हे पैसे दुसऱ्या कामाचे हायेत."

"अन् आमची एसी फुकटात चालते का? बिल आमाले येते, बाई." मधुकरराव हसतच होते. "तुमचे मिस्टर कापसाच्या जिनिंगवर होते ना? सीझन लागला की पुन्हा तिथंच जातीन. तिथले सेठ आपलेच गिऱ्हाईक हायेत. लावू फोन त्यायले? इचारू, कापलेल्या साडीचं काय करू म्हनून?"

अश्विन कुठे कामाला जातो, हे तिनेच कधीतरी हेमराजशी बोलता बोलता सांगितले होते. तिने बटवा गल्ल्यावर रिकामा केला.

हेमराजने साडीचे खोके पिशवीत घालून पुढे केले. त्याने तिच्याकडे पाहिले नाही, पण तोंडात बसलेले शब्द सवयीने निघून गेलेच, "पुन्हा येजा, ताई." आणि त्याने जीभ चावली.

ती घरी पोचली तेव्हा अश्विन रस्त्याच्या कामावरून लवकर परतला होता. खिडकीखाली त्याने विटा रचल्या होत्या, बोर्डापर्यंत वायर ओढली होती. दारात हातगाडी उभी होती.

"ताराचंदची गाडी मागून आनली," तो म्हणाला. "चाल, घेऊन येऊ कूलर." मग त्याची नजर पिशवीवर गेली. "हे काय होय?"

खरे सांगणे अवघड नव्हते. सांगितले असते, तर तो तसाच दुकानावर धावून गेला असता आणि पुढल्या हंगामाचे जिनिंगचे काम हातचे गेले असते. पण ते कारण तिला नंतर सुचले. त्या क्षणी तिला एवढेच दिसले, की आपली बायको परक्याच्या दारी रोज गारवा मागत बसते, हे आता याला कळेल.

"साडी," ती म्हणाली. "पसंद पडली मले."

त्याने खोके उघडले. वेगळा कापलेला तुकडा त्याने हातात धरला.

"कापूनबी आनली?"

"हो."

"पोरीची पाठ पाहिली का तू? खर्रा सोडून, तोंडात लवंग धरून गिट्टी उचलून राह्यलो मी. सोबतचे म्हनत, बायकोच्या हाती पैसा देऊ नको. भांडलो त्यायच्याशी. तुह्यासाठी भांडलो."

"चुकलं माह्यं," जागृती म्हणाली.

तो हातगाडी परत करायला गेला, तेव्हा रिकाम्या चाकांचा खडखडाट गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला.

परतल्यावर त्याने साडीचे खोके फाडले आणि तो त्या पुठ्ठ्याने लेकीला वारा घालत बसला. पौर्णिमा आईच्या कुशीला चिकटली होती. त्याने पुठ्ठा जरासा वळवून धरला. वारा लेकीपर्यंतच पोचावा, असा.