मेजर बदलायचा आहे

सयाजीनं अंगणातली पाण्याची तोटी हळूच बंद केली. बादली अर्धीच भरली होती, पण पाण्याच्या आवाजात वरचं ऐकू येत नव्हतं. गच्चीवर त्याची मुलगी राजनंदिनी, घरातली नंदा, फोनवर बोलत होती, आणि नेहमीपेक्षा फारच खालच्या आवाजात.

"मेजरचं आपल्याला आधी कुणी नीट सांगितलंच न्हाई गं रेश्मा," ती मैत्रिणीला म्हणाली. "मला परवा सगळं कळलं. न्हाई, घरात बोलले न्हाई अजून. पप्पांना लय लागंल."

मग थोडा वेळ ती नुसती ऐकत राहिली.

"आता तो मेजर ठेवायचा न्हाई. एवढं नक्की."

गावात मेजर एकच होता, आणि तो बादलीजवळ वाकून उभा होता.

फौजेतून पेन्शनवर आलेल्या माणसाला त्या भागात मेजरच म्हणतात. तो नाईक होता की हवालदार, याच्याशी गावाला देणंघेणं नसतं. सयाजीला घरी येऊन चौदा वर्षं झाली होती. दर पंधरा ऑगस्टला शाळेत त्याला खुर्ची मिळायची आणि तो बर्फातल्या ठाण्याची गोष्ट सांगायचा. वायरलेस बंद, तीन दिवस वाट नाही, आणि शेवटी जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन तो खाली आला. नंदा पहिलीत गेली तेव्हापासून पहिल्या रांगेत मांडी घालून ही गोष्ट ऐकायची, आणि मग आठवडाभर वर्गात कुणाशी सरळ बोलायची नाही.

गोष्टीत अडचण एवढीच होती, की सयाजी सतरा वर्षं फौजेत होता हे खरं, बर्फात होता हेही खरं, पण होता तो लंगरात. कुक. एकशेवीस जवानांची डाळ-चपाती त्याच्याकडे असायची. हे घरात बायकोलासुद्धा माहीत नव्हतं. खबरदारी म्हणून तो घरी आल्यापासून स्वयंपाकघराकडे फिरकला नव्हता. लग्नात आचाऱ्याचा भात खाली लागतोय हे त्याला मांडवाबाहेरून वासावरच कळायचं, आणि तो मूग गिळून गप्प बसायचा.

आता नंदाला हे सांगितलं कुणी? जाणणारा माणूस एकच. शेजारच्या गावचा नाथाजी, त्याच्याच पलटणीतला. आणि नाथाजीचा पुतण्या सूरज शिराळ्याला नंदाच्याच कॉलेजात होता. सयाजीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती थांबेचना.

दोन दिवस त्यानं नंदावर नजर ठेवली. तो आत आला, तशी तिनं हातातला कागद वर्तमानपत्राखाली सरकवला. जेवताना मधेच म्हणाली, "पप्पा, तुमी रागावणार न्हाई ना?" कशाला, म्हटलं तर, "काय न्हाई." त्याला वाटलं, ती आपल्या हातांकडे बघतेय. मनगटावरचे तेलानं भाजल्याचे जुने डाग त्यानं ताटाखाली लपवले. स्वतःच्या पोरीसमोर हात लपवावे लागतात, याची त्याला लाज वाटली आणि तिचा रागही आला.

तिसऱ्या दिवशी तो नाथाजीकडे गेला. आधी पावसाचं बोलला, मग उसाचं.

"सूरज काय म्हणतोय? कॉलेजात काय बोलणं-बिलणं?" शेवटी तो म्हणाला.

नाथाजी हसला.

"सरळ इचार की गड्या. माझ्या तोंडातनं कवाच काय गेलं न्हाई. पण तू अजून तीच गोष्ट सांगतोस व्हय रं?"

सयाजीनं चप्पल पायात सरकवली. नाथाजीनंही विषय वाढवला नाही, आणि तेच जास्त झोंबलं. परतीच्या वाटेवर गाडी चालवताना सयाजीनं ठरवून टाकलं, की इतक्या सहज नाही म्हणतो त्या अर्थी यानंच सांगितलं.

घरी आला तेव्हा दिवस मावळायला थोडा अवकाश होता. बायको, मंगल, बचत गटाच्या बैठकीला गेली होती. नंदा सोप्यात बसून त्याचीच वाट बघत होती. तो टेकताच तिनं कागद आणि पेन पुढे केलं.

"पप्पा, हितं सही लागती. उद्या शेवटची तारीख हाय."

त्यानं कागदाकडे बघितलंही नाही.

"आदी मला सांग. मेजरचं तुला कुणी सांगितलं?"

ती दचकली.

"तुमाला कुणी सांगितलं?"

"ऐकलं मी. गच्चीवर बोलत हुतीस."

"मग झालंच की." तिनं मान खाली घातली. "मी आजच सांगणार हुते. तुमाला वाईट वाटंल म्हणून थांबले."

"वाईट कशाचं. खरंच हाय ते." तीन दिवस आवळून धरलेलं सगळं एकदम सुटलं. "व्हय, कुक हुतो मी. सतरा वर्सं डाळ-चपाती केली. बंदूक दिलीवती, पण ती चालवायची पाळी कवा आली न्हाई. झालं तुझं समाधान?"

नंदा त्याच्याकडे बघत राहिली. पेन तिच्या हातात तसंच होतं.

"पप्पा," ती म्हणाली, "मी विषयाचं बोलत हुते."

"कसला विषय?"

"बीएचा. दुसऱ्या वर्साला तीन विषयांतला एक मुख्य धरायचा, त्याला मेजर म्हणत्यात. तुमी म्हणलावता इतिहास घे, फौजीच्या पोरीला तोच शोभतोय. म्हणून मी तसं लिवून दिलं. मला भूगोल पायजे. बदलायला उद्यापतोर मुदत हाय."

सयाजीनं कागद घेतला. मेजर, आणि त्यापुढे तिच्या अक्षरात भूगोल. खाली पालकाचा व्यवसाय, माजी सैनिक. त्यानं हसून बघितलं, पण नंदा हसली नाही.

"कुक म्हंजे बी सैनिकच की," ती म्हणाली. "का हे खोडू?"

"नगं. ते खरं हाय. नंबर हुता, वर्दी हुती."

"मग लपवलं कशाला?"

त्यानं सही केली. नेहमीपेक्षा सावकाश, एकेक अक्षर लावून. कागद पुढे केला तरी तिनं तो घेतला नाही. तीन दिवस तो तिच्याकडे जसा बघत होता, तशीच ती आता त्याच्याकडे बघत होती.

"आणि ती ठाण्याची गोष्ट?"

सयाजीनं पेनाला टोपण लावलं.

"मी धा वर्सं पुढं बसून ऐकलीय ती. कुणाची हाय?"

"बिरदेवची," तो म्हणाला. हे नाव त्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. "वडूजकडचा. मेंढरं राखणाऱ्या घरातला. जखमीला पाठीवर घिऊन खाली आला तो. माझ्या लंगरात बसून च्या पिला. म्हणला, साखर जादा टाक. मग वर अजून एकजण राहिलाय म्हणून परत गेला."

"मग?"

"आला न्हाई."

बाहेरून ट्रॅक्टर गेला. नंदाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते रागाचं होतं की कशाचं, हे त्याला ओळखू येईना.

"त्यांच्या घरात ठाव हाय हे?"

"कागद गेला आसंल पलटणीचा."

"कागदाचं न्हाई. हे. खाली आल्याचं, च्या पिल्याचं."

सयाजीनं मान हलवली. ते जाणणारा तो एकटाच होता. साताऱ्याच्या स्टँडवर वडूजची गाडी त्याच्यासमोर कितीदा लागली आणि सुटली, आणि दर वेळी तो पाटी वाचून दुसरीकडे बघत राहिला होता.

"उद्या अकराला मी फॉर्म दिऊन मोकळी हुईन," नंदा म्हणाली. "तुमी शिराळ्याला या. तितनंच वडूजला जाऊ दोघं."

"जाऊन काय सांगू? कुठनं सुरू करू?"

तिनं त्याच्या हातातून कागद काढून घेतला आणि सही वाळली का ते बघितलं.

"साखर जादा मागितली," ती म्हणाली, "तितनं."