रहाटाची करकर आणि मास्तरांचा एकांत

चांगदेव मास्तरांना त्या सुट्टीत मिळवायचं होतं ते थोडंथोडकं नव्हतं. महिनाभर एकट्याने बसून स्वतःचं नाटक लिहायचं, गोकुळाष्टमीला ते गावात करायचं, आणि ‘मास्तर दुसऱ्यांचीच नाटकं बसवतात’ म्हणणाऱ्या श्रीवर्धनातल्या तोंडांना कुलूप लावायचं. जमेची बाजू भरगच्च होती, खर्चाची कोरी. मित्रांनो, कोरी बाजू दिसली की मला काळजी वाटते.

मी एक जुना रहाट आहे. मास्तरांच्या सुपारीच्या वाडीतल्या विहिरीवर विठोबा सुताराने मला ऐनाच्या लाकडातून घडवलं, मातीच्या लोट्यांची माळ गळ्यात घातली आणि रेडा जुंपला. रेडा गोल फिरला की मी फिरतो, लोटे भरून वर येतात आणि पाणी पाटाने झाडांच्या मुळाशी जातं. फिरताना मी करकरतो. पाहुणे नाक मुरडत. घरच्यांनी मात्र मला मुद्दाम बेताचंच तेल दिलं. घर वाडीपासून हाकेच्या अंतरावर. चुलीपाशी बसलेल्या बाईला माझ्या आवाजावरून कळायचं, शिंपणं चालू आहे. करकर थांबली की ती दारात यायची आणि रेडा हाकणाऱ्या गड्याला विचारायची, “भिकू, निजलास का रे?”

एकोणीसशे चौतीसचा उन्हाळा होता. मास्तरांच्या बायकोने, केसरवहिनींनी, मागच्या पावसात माहेराहून सुपारीची रोपं आणून केळीच्या सावलीत लावली होती. “हा पहिला उन्हाळा काढला की ती आपली,” असं त्या म्हणायच्या. पाण्यात खाडा पडला तर मात्र ती कुणाचीच नव्हती.

एकांतासाठी लांब कुठे जायला नको, वाडीतली खोपी बरी, असं मास्तरांनी ठरवलं. नजर भटकू नये म्हणून मेज भिंतीकडे तोंड करून मांडलं. येणाऱ्याजाणाऱ्यांना मनाई केली. केसरवहिनींना सांगितलं, “डबा कुंपणापाशी ठेव, आत येऊ नकोस. तू आलीस की मागोमाग घर येतं.”

“बरं,” वहिनी म्हणाल्या. “घराला बजावते, तिथे जाऊ नको म्हणून.”

एवढी तयारी करून मास्तर लिहायला बसले आणि मी करकरलो. दोन दिवस त्यांनी सोसलं. मग उंडीच्या तेलाचा बुधला आणून माझ्या कण्यात, म्हणजे मी ज्यावर फिरतो त्या आसात, ओतला. खरं सांगतो, इतकं तेल मला उभ्या आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. अंग हलकं झालं. आवाज गेला.

तिकडून वहिनी पदर खोचत आल्या. “अहो, रहाट का थांबला?”

“थांबला नाही. तेल घातलंय. बघ, फिरतोय.”

त्यांनी पाहिलं, हसल्या आणि परत गेल्या. त्या दिवसापासून वाडी गप्प असली तरी त्या निर्धास्त असायच्या.

भिकूने आपला हिशेब झटकन मांडला. रेडा चालला तरी आवाज नाही, उभा राहिला तरी नाही. सकाळी दाखवायला चार फेरे, मग आंब्याखाली आडवा. रेड्याचीही हरकत नव्हती. मास्तरांची पाठ विहिरीकडे होती आणि लेखणी दुसऱ्या अंकात. जो जवळ होता त्याला दिसत नव्हतं. जी दूर होती तिला ऐकू येत नव्हतं.

बऱ्याच दिवसांनी वहिनींना केळीची पानं हवी झाली, म्हणून त्या मास्तरांचा नियम मोडून आत आल्या. पाट कोरडा होता. माती भेगाळली होती. त्यांनी एका रोपाचा कोंब अलगद ओढला, तो हातातच आला. शेजारच्याचाही आला.

“भिकू, पाणी कुठाय?”

“चालूच हाय की, वैनी.”

“पाटात मुंग्यांनी घर केलंय. त्यांना विचारू?”

 बोलणं ऐकून मास्तर लेखणीसह बाहेर आले. रोपांकडे बघून म्हणाले, “मला वाटलं, तुझं लक्ष आहे.”

“लक्ष कानात होतं माझं,” वहिनी म्हणाल्या. “कान तुम्ही बंद केलेत.”

त्या घरी गेल्या, तेल शोषून घ्यायला चुलीतली राख आणून माझ्या कण्यात कोंबली आणि भिकूच्या हातात कासरा दिला. मी पुन्हा करकरू लागलो. कडेची थोडी रोपं वाचली. शेवटचा अंक मास्तरांनी त्या करकरीत लिहिला, आणि तो जमला.

अष्टमीला नाटक रंगलं. भिकू दुसऱ्या दिवशी रेड्याला सांगत होता, “मास्तरांनी आभार मानले रं. पेटीवाल्याचे, मंडळींचे, वाडीतल्या एकांताचे. वैनी बायकांत बसल्या व्हत्या, पदरात तोंड घालून हसत व्हत्या.” हसतच होत्या ना, हे मला विचारता आलं नाही.

मित्रांनो, पुढे वाडीत पाणी उपसायचं इंजिन आलं आणि मी विहिरीच्या कडेला पडलो. जुन्या वस्तूला तेल जरूर द्या, तेवढी माया आम्हालाही लागते. पण एखादा आवाज बंद करण्याआधी, तो कोण कशासाठी ऐकतं, एवढं विचारून घ्या.

आता जमाखर्च. मास्तरांना नाटक मिळालं, भिकूला झोप, मला तेल. केसरवहिनींनी पुढच्या पावसात त्याच आळ्यांत नवी रोपं लावली. सुपारीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. खर्चाच्या कोऱ्या बाजूत ती वर्षं त्यांनी भरली.