आबांची हातगाडी

डोंबिवलीच्या आमच्या चाळीत, अगदी दाराला चिकटून, सासऱ्यांची लाकडी हातगाडी उभी असते. आबांनी आयुष्यभर तिच्यावरून वखारीचा माल ओढला. पुढे ती नुसती कुजत पडली आणि मी रोज अंग चोरून घरात शिरत राहिले. जाता-येता तिला एक लाथ हाणायचे.

शेवटी ठाण्याच्या एका हॉटेलवाल्याने ती मागितली, दारात कुंड्या मांडायला. म्हणाला, नीट करून द्या. आबा कसेबसे हो म्हणाले. मग मीच पदर खोचला. गंज खरवडला, कुजक्या फळ्या बदलून घेतल्या, आसाला ग्रीस भरलं, निळा रंग दिला. गणपती झाले की तो न्यायला येणार होता.

विसर्जनाच्या दिवशी मंडळाचा टेम्पो सुरूच होईना. मूर्ती रस्त्यात आणि सगळे एकमेकांची तोंडं बघतायत. मला कुठून अवदसा आठवली कोण जाणे. म्हटलं, "आमची गाडी घ्या."

खाडीपर्यंत चाक एकदाही कुरकुरलं नाही.

सकाळी आबांनी चाकांना हळदकुंकू लावलं. "नंदा, देव बसलाय तिच्यावर. आता विकायची नाही." माझा नवरा मान खाली घालून चहा पीत राहिला. मंडळवाले म्हणाले, "आता दरवर्षी हीच गाडी. वहिनी, ग्रीसचं तुम्हीच बघा, तुमचा हात बसलाय."

आता शेजारणी तिला फूल वाहून जातात. मी अजूनही अंग चोरूनच आत-बाहेर करते. चुकून पाय लागला तर वाकून नमस्कार करावा लागतो.

पूर्वी निदान लाथ तरी मारता यायची.