देवीने नेलेला खण आणि माझा दम

मित्रांनो, मी एक जुनं पेट्रोल इंजिन आहे. बाळकुमच्या गोपीनाथशेठच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, एका पांढऱ्या गाडीच्या पोटात माझा मुक्काम असतो. जुनं म्हटल्यावर लगेच नाकं मुरडू नका. बाराशे सीसी, चार सिलिंडर, आणि छाती अजून शाबूत आहे.

या छातीबद्दल जरा सांगू द्या, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. हल्लीच्या बऱ्याच इंजिनांना टर्बो असतो. तो गरगर फिरतो आणि त्यांच्या तोंडात हवा कोंबतो. लाडावलेली पोरं ती! भरवल्याशिवाय जेवत नाहीत. मला कुणी भरवत नाही. पिस्टन खाली गेला की माझी हवा मी स्वतः ओढतो, तिच्यात पेट्रोल मिसळलं की भडका उडतो आणि चाकं फिरतात. शोरूमवाले याला 'नॅचरली ॲस्पिरेटेड' म्हणतात. मी म्हणतो, आपल्या नाकाने श्वास घेणं. जोर बेताचा, पण भानगडीही कमी. वेळेवर ताजं तेल, स्वच्छ हवा आणि रेडिएटरमध्ये कूलंट, एवढं दिलंत की मी वर्षानुवर्षं हूं की चूं करणार नाही.

कारखान्यात माझी तपासणी झाली तेव्हा तिथला माणूस कान लावून म्हणाला होता, "हे चालतंय की झोपलंय?" इतका मी शांत! मग मी गोपीनाथशेठच्या घरी आलो. जिथे त्यांची भातशेती होती तिथे आता टॉवर उभे आहेत, पण शेठचा स्वभाव शेतकऱ्याचाच राहिला. बैलावर करावी तशी त्यांनी माझ्यावर माया केली. आणि मित्रांनो, खरं सांगतो, त्या मायेनेच माझा जीव घ्यायची वेळ आणली.

"गाडी म्हंजे देऊल, नि इंजिन म्हंजे आतला देव," असं शेठ म्हणायचे. माझं तेल त्यांनी कधी बदलू दिलं नाही. मेकॅनिकने विचारलं की उलट त्यालाच झापायचे, "आरं, समईत तेल घालतात. काढून कोन फेकतं?" वरून तेवढं ओतत राहायचे. आत माझ्या तेलाची काळीकुट्ट काकवी झाली.

खरी गंमत दसऱ्याची. लोक गाडीला बाहेरून हार घालतात. शेठ मात्र बॉनेट उघडून माझ्या डोक्यावर हळद-कुंकू वाहायचे, अक्षता टाकायचे, पेढा ठेवायचे आणि जरीच्या काठाचा लाल खण पांघरून बॉनेट लावून घ्यायचे. त्या रात्री गाडीला विश्रांती. पहिल्याच वर्षी सकाळी उघडून बघतात तर काय, खण गायब! पेढाही नाही, नुसता त्याचा कागद!

"देवीनी नेला! सगुणा, देवीनी नेला!" शेठ अंगणात नाचायचेच बाकी होते.

सगुणाबाई, त्यांची बायको, पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "देवी पेढा खाते, मंग कागद कशाला ठेवते?"

पण ऐकतं कोण! बातमी आळीभर झाली. बायका येता-जाता बॉनेटला हात जोडू लागल्या. शेठने फर्मान काढलं की यापुढे पायात चप्पल घालून कुणीही माझ्या अंगाला हात लावायचा नाही. गॅरेजवाले कशाला अनवाणी काम करतील? झालं, सर्व्हिसिंग बंद! पुढच्या दसऱ्याला पुन्हा खण गेला, त्याच्या पुढच्यालाही गेला. शेठचा मान वाढत गेला आणि माझा श्वास कमी होत गेला. तो खण कुठे जातो ते मला ठाऊक होतं हो! पण आम्हा इंजिनांना बोलता कुठे येतं? आम्ही फक्त खोकतो. आणि मी खोकलो की शेठ म्हणायचे, "देवी अंगान येते."

त्यांचा मुलगा हर्षित मात्र वैतागला. त्याला टर्बोवाली नवी गाडी घ्यायची होती. "बाबा, हिचा दम संपलाय. सोमवारी भंगारवाला येतोय," असं त्याने एके दिवशी सांगूनच टाकलं.

शेठचा चेहरा पडला. मग एकदम उसळून म्हणाले, "रविवारी आपल्या पोरीचं, निशिगंधाचं डोहाळजेवन हाय. डोंबिवलीपर्यंत न थांबता गेली, तं कुनी नाव काढायचं नाय. थांबली, तं ने."

पैज माझ्या जिवाची आणि मला कुणी विचारलंही नाही!

रविवारी हर्षित चालवायला, शेठ शेजारी, मागे करंज्यांचा डबा मांडीवर घेऊन सगुणाबाई. कळव्यापर्यंत मी कसाबसा रेटलो. मुंब्रा बायपासचा चढ लागला आणि माझी छाती भरेना. ओढतोय, ओढतोय, हवाच येईना! रिक्षावाले हसत पुढे गेले. अर्ध्या चढावर मी मान टाकली.

"बघा, मी बोललेलो ना?" हर्षित म्हणाला.

शेठ खाली उतरले, चपला काढल्या, बॉनेट उघडलं आणि तापलेल्या रस्त्यावर हात जोडून उभे राहिले. डोळे भरले होते त्यांचे. "आई, काय चुकला आसंल तं माफ कर," असं पुटपुटले. मला फार वाईट वाटलं. माणूस वेडा होता, पण माझाच होता.

तेवढ्यात सगुणाबाई डब्यासकट पुढे आली. माझ्या हवेच्या नळीच्या तोंडाशी तिला काहीतरी लाल दिसलं. तिने ते चिमटीत धरून ओढलं.

"यो तं माज्या खनाचा काठ!"

हर्षितने एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा उघडल्या. आत काय होतं म्हणता? सगळ्या दसऱ्यांचे खण, कुरतडून पिंजलेले! त्यावर अक्षता, सुकलेला झेंडू, आणि मधोमध गुबगुबीत घरटं. एक उंदीर टुणकन उडी मारून कठड्यापलीकडे पसार झाला.

शेठने वाकून डब्यात पाहिलं. मग म्हणाले, "उंदीर म्हंजे गनपतीचा वाहान. म्हंजे देवानीच नेला!"

"मंग त्या वाहनाचं पार्किंग दुसरीकडं कर!" सगुणाबाई कडाडली.

"पण थांबली ना शेवटी?" हर्षितने पैजेची आठवण दिली.

सगुणाबाई त्याच्याकडे वळली. "माज्या नाकात असा खन कोंब, मला या चढावर पलव, नि मंग बोल, आई म्हातारी जाली, टाका भंगारात."

हर्षितची मान खाली गेली. त्याने हातांनी सगळा कचरा उपसला, फिल्टर आपटून आपटून झटकला आणि किल्ली फिरवली. काय सांगू, मित्रांनो! किती वर्षांनी छातीभर हवा आली! मी तो चढ असा चढलो की करंज्यांचा डबा सगुणाबाईच्या मांडीवरून उडता उडता राहिला. डोंबिवलीत निशिगंधाच्या दारात पोचल्यावर हर्षितने भंगारवाल्याला फोन लावला. "नको येऊस. म्हातारी नव्हती रे झालेली. नाक चोंदलेलं."

आता माझं तेल ठरल्या वेळी बदलतं, फिल्टर नवा आहे. हर्षितने टर्बोवाली गाडीही घेतलीच. ती शेजारी उभी असते. परवाच्या दसऱ्याला आईच्या चोरून त्याने स्वतःच तिच्या इंजिनावर खण ठेवला. सकाळी बघतो तर गायब! शेठ धावत आले आणि त्यांनी हात जोडले. हर्षितने मात्र बाह्या सरसावल्या आणि आधी फिल्टरच्या क्लिपा उघडल्या.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा कुणी म्हातारा असेल. त्याला हात जरूर जोडा, आम्हाला आवडतं. पण त्याआधी एकदा बघा, त्याला श्वास घेता येतोय ना.