शकूच्या मनगटाची नोंद

पनवेलजवळच्या मासळी गोठवण्याच्या कारखान्यात किशोरी कोळंबी निवडायची. उरणहून रोज यायची, बारावी शिकलेली होती, म्हणून टेबलावरच्या बाया कुठलाही कागद आधी तिच्यापुढे धरायच्या.

त्या सोमवारी कागद सगळ्यांनाच मिळाला. नवी एचआर अधिकारी विनिता तो वाटत होती; ती करंजाड्याहून यायची, नोकरीला लागून तिला महिनाही झाला नव्हता. दोन पानं इंग्रजीत, खाली सहीची जागा. किशोरीने सही करण्याआधी विचारलं, यात काय लिहिलंय? विनिता थोडी ओशाळली. कामावर इजा झाली तर भरपाई कशी मागायची, हे प्रत्येकीला तिला समजेल अशा भाषेत सांगायला हवं, असा कायदा आहे, असं तिने सांगितलं. मॅनेजरना मात्र फक्त सह्या हव्या होत्या.

"मग मला समजवा," किशोरी म्हणाली. "बायांना मी सांगते, आमच्या बोलीत."

दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत दोघी डबे बाजूला सारून बसल्या. विनिता कलम सांगायची, किशोरी ते वाक्य फिरवून फिरवून सोपं करायची. एखादं वाक्य नेमकं जमलं की विनिताच टेबलावर थाप मारायची.

गुरुवारी चाळीस बाया पॅकिंगच्या हॉलमध्ये जमल्या. किशोरीने बोलायला सुरुवात केली आणि कुजबुज थांबली.

"काम करताना लागलं, तर चूक कोनाची ते आधी बगत नाय. तुमी दारू पिऊन नवता ना? मुद्दाम नियम मोडला नाय ना? मंग भरपाई मागायचा हक हाय. दोन वर्सांत अर्ज करायचा."

मागच्या रांगेतून शकू उठली. दोन महिन्यांपूर्वी ती बर्फाच्या पाण्यावरून घसरली होती. मनगट मोडलं, प्लास्टर निघालं, तरी हात पूर्ण वळत नव्हता. सुपरवायझरने तेव्हा सांगितलं होतं, तू बघून चालली नाहीस. तिनेही तेच खरं मानून घरी बसून दिवस काढले होते.

"म्हंजे माझंबी त्यात येतं?" तिने विचारलं.

किशोरीने विनिताकडे पाहिलं. विनिताने होकारार्थी मान हलवली आणि अपघाताचं रजिस्टर मागवलं. त्यात शकूचं नाव नव्हतं. मॅनेजर आले, म्हणाले, आता काय पुरावा? मग एक हात वर झाला, दुसरा झाला, आणि बघता बघता अकरा बायांनी आपण तिला पडताना पाहिल्याचं सांगितलं. शकूला रडू आवरेना. मॅनेजरनी पेन काढलं. नोंद सगळ्यांसमोर झाली, तारखेसकट. त्याच दुपारी विनिताने शकूचा अर्ज भरायला घेतला, आणि किशोरी डॉक्टरांचे कागद लावून देत राहिली.

पावणेतीन महिन्यांनी भरपाई मंजूर झाली. शकूने उरणच्या एसटीत बसल्या बसल्या किशोरीला फोन केला. बोलायचं पुष्कळ होतं, पण दोघी नुसत्या हसतच राहिल्या.

त्याच आठवड्यात कळंबोलीच्या बर्फाच्या कारखान्यातून दोन बाया किशोरीला शोधत आल्या. आमच्याकडेही येऊन सांगशील का, असं विचारत होत्या. किशोरीने लगेच रविवार ठरवून टाकला आणि विनिताला कळवायला धावत वर तिच्या ऑफिसात गेली.